पहिली लोंब सरिताच्या हातात

लवकर पिकणारा हलका धान पिवळा पडायला लागला की मला उलटं चालावंसं वाटतं. थट्टा नाही करत. आमच्या अंगणवाडीच्या दारापासून हातपंपापर्यंत बारा पावलं आहेत. परवा पोरांना खिचडी वाढून झाली आणि मी ती बाराही पावलं उलटी, मागे न बघता चालून दाखवली. पोरं खिदळली. मदतनीस बाई ओरडल्या, "बाई, पडून जासान ना!" पडले नाही. सात वर्षांपूर्वी एका बाईकडे बघून मी हे शिकले, आणि तिच्या जोरावर आमच्या टोल्याने, म्हणजे वस्तीने, एक अख्खी मंडई जिंकली. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. तेव्हा या दिवसांत थोडी ऐट करायचा मला हक्क आहे, आणि मी तो सोडत नाही.

दिवसही तसेच असतात. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी उतरतं, आणि चार महिने कानात बसलेला त्याचा आवाज एका सकाळी अचानक नसतो. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, बगळे असतात, पण आता त्यांचे पाय दिसतात. सकाळी धुकं, दुपारी चटका देणारं ऊन, आणि संध्याकाळी कापलेल्या धानाचा तो ओलसर, गोडूस वास. लुगडी धुवून वाळत टाकली तरी त्यांना तोच वास. चौकात मंडईची पोस्टरं लागतात, कोणत्या गावाची मंडई कधी, कुठे दंडार, कुठे नाटक. माझी नजर मात्र पोस्टरच्या खालच्या ओळीवर असते. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'महिलांची कबड्डी, दुपारी तीन वाजता'. दरवर्षी मी मंडळाला सांगते की अक्षरं मोठी करा. दरवर्षी ते हो म्हणतात.

आमचं गाव केशोरीच्या बाजूला. मधून कालवा जातो आणि गावाचे दोन टोले करतो. पलीकडे मोठा टोला, शंभरावर घरं, किराणा, बँकेची मिनी शाखा, सगळं तिकडे. अलीकडे आमचा कालवाटोला, तीस घरं आणि एक अंगणवाडी. पूर्वी दोन टोल्यांच्या बाया एकमेकींविरुद्ध खेळायच्या तेव्हा आमच्याकडे सात जणी जमवताना सातवी गरोदर निघायची. म्हणून कुणा शहाण्या माणसाने नियम काढला. नाव टोल्याचं, बाया साऱ्या गावाच्या. दसऱ्यानंतर, नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली मंडळी परत आली की, एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या जमायचं. दोन टोल्यांच्या दोन कप्तान बायांनी आळीपाळीने एकेक नाव घ्यायचं. जिचं नाव घेतलं तिच्या हातात धानाची एक लोंब द्यायची, की झाली ती आपली.

आणि पहिलं नाव कुणी घ्यायचं? गेल्या मंडईत जो टोला हरला त्याने. पण फुकट नाही. हरलेल्या टोल्याच्या बायांनीच कापलेल्या बांधीत खेळाचं मैदान करून द्यायचं. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मस घेऊन जमीन ठोकायची. आठ दिवस पाठीचा काटा ढिला होतो. हरणाऱ्याला शिक्षा आणि बक्षीस एकाच हाताने द्यायची ही रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

त्या वर्षी मी नवी कप्तान होते आणि आम्ही ओळीने तीन वर्षं हरलो होतो. तीन वर्षं मैदान आम्हीच केलं, तीन वर्षं पहिलं नाव आम्हीच घेतलं, आणि तिन्ही वर्षं शील्ड कालवा ओलांडून पलीकडे गेली. आमच्या टोल्यातल्या पुरुषांना याची फार लाज वाटायची, आणि ती त्यांना चहाच्या टपरीवर बसून वाटायची. एका संध्याकाळी त्यांनी समाजमंदिरात बैठक घेतली आणि ठरवून टाकलं की यंदा हरलात तर पुढच्या सालापासून कबड्डीला कालवाटोल्याचं नाव द्यायचं नाही. "हसू होऊन राहिलं आपलं," एक जण म्हणाले. मी विचारलं, मैदान ठोकायला तुमच्यापैकी कोण आलं होतं? त्यावर सगळे छताकडे बघू लागले. पण ठराव झाला तो झाला. म्हणजे माझ्या एका नावावर सगळं येऊन ठेपलं. नाव चुकलं तर आमच्या तीस घरांतल्या बायांना वर्षातून एकदा पदर खोचून, ओरडून, धुळीत लोळून घरी यायची जी एक दुपार मिळायची, ती जाणार होती. अशी दुपार ज्यांना रोज मिळते त्यांना तिची किंमत कळायची नाही.

नाव कुणाचं घ्यायचं हे गावात लहान पोरही सांगत होतं. कुंदाचं. कुंदा नवेगाव बांधची लेक, तलावाकाठी वाढलेली. माहेरी जाळी ओढून ओढून तिचे पंजे असे झाले होते की घागर ती गळ्याला धरून उचलायची. तिने पायाचा घोटा धरला की समोरची गपकन बसायची. डाव्या कोपऱ्यात कुंदा उभी असली की चढाईला आलेली बाई उजवीकडेच खेळायची. तीन वर्षं ती पहिलं नाव म्हणून आमच्याकडेच होती.

"मंग हरलो कायले आपण?" मी दिनेश भाऊजींना विचारलं. दिनेश भाऊजी माझे धाकटे दीर. एके काळी तालुक्यात चढाईला त्यांच्यासारखा गडी नव्हता. चोविसाव्या वर्षी परतीच्या धावेत गर्रकन वळले आणि गुडघ्यात काहीतरी तुटलं. तेव्हापासून ते आम्हा बायांना शिकवत आणि पाऊस येण्याआधी पाऊस येणार हे गुडघ्यावरून सांगत.

"नशीब," ते म्हणाले.

"नशीब नाही. कुंदा चौघींना धरते, पण आपल्याकडून पलीकडे जाऊन जिवंत परत येणारी एकही नाही. पकडीने हार लांबते. जिंकता येत नाही."

"तं का चढाईवाली घेसान पहिली?" भाऊजी हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "वहिनी, चढाईवाल्या गल्लोगल्ली भेटतेत. ज्या पोरीले पाय आहेत ते चढाई करते. अन् पाय किती साल टिकते? माह्याकडे पाहा. चढाईवाला म्हणजे दोन सालचा पाहुणा. पकडवाली दहा साल चालते. हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागून राहिल्या?"

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. स्वतःचा गुडघा पुढे करून बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं सोपंही नसतं. त्या आठवड्यात मी भाजीत दोनदा मीठ टाकलं.

पण माझ्या डोक्यातून श्रावणातला एक दिवस जात नव्हता.

आमच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, मोठ्या टोल्याच्या बायांची टोळी आली होती आणि हाताखाली हात म्हणून मीही ओळीत उतरले होते. रोवणा ज्यांनी केला नाही त्यांना सांगते, रोवणा उलटा चालतो. पुढे रोवलेलं असतं, मागे चिखल. हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची पेंढी, कमरेत वाकायचं, चार काड्या खोचायच्या आणि एक पाऊल मागे. महिना महिना बाई मागेच जात असते. माझ्या शेजारी सरिता होती. मोठ्या टोल्याची सून, तीन दिवस शेजारी रोवून तीन वाक्यं बोलणारी. दुपारी एक वासरू दावं तोडून बांधीत शिरलं आणि चिखल उडवत थेट आमच्या पाठीवर आलं. बाकी सगळ्या वळल्या आणि वळता वळता चिखलात बसल्या. मीही बसले. सरिता वळलीच नाही. तिने डावं पाऊल नुसतं एक हात बाजूला टाकलं, वासरू तिच्या कमरेला घासून गेलं, आणि ती पुढच्या चार काड्या खोचत होती. थोड्या वेळाने मागे धुरा, बांधीचा मातीचा बांध, आला. मी मान वळवून धुरा बघितला, तरी अडखळले. सरिताने मागे न बघता टाच उचलली, धुऱ्यावर ठेवली, आणि वर चढून उभी राहिली.

"तुले मागं दिसते का वो?" मी विचारलं.

"दिसत नाही ताई," ती म्हणाली. "समजते."

हे तिचं चौथं वाक्य.

ही सरिता दर मंडईला मोठ्या टोल्याकडून खेळायची. म्हणजे शेवटच्या उरलेल्यांत तिच्या हातात लोंब पडायची आणि ती राखीव चढाईवाली म्हणून रेषेबाहेर पाण्याच्या घागरीशी बसायची. तिच्याच टोल्यात तिला कुणी उठवलं नव्हतं.

निवडीच्या दुपारी व्हरांडा भरला होता. मोठ्या टोल्याच्या कप्तान लताकाकू. पन्नाशीच्या, आवाज असा की कालव्यापलीकडून हाक मारली तरी आमच्याकडची जनावरं उठायची. माझ्या हातात लोंब, समोर कुंदा पदर सावरून उठायच्या तयारीत. मी म्हटलं, "सरिता."

आधी कुणाला कळलंच नाही. सरितालाही नाही. तिने शेजारच्या सरिताकडे बघितलं, कारण गावात सरिता दोन आहेत. मी जाऊन तिच्या हातात लोंब ठेवली. दिनेश भाऊजींनी कपाळावर हात मारला, त्याचा आवाज आला.

लताकाकू मनापासून हसल्या. "बापा! पहिला नंबर चढाईवालीवर? तेही राखीववर? लिहून ठेव पोरी, पहिलं नाव चढाईवालीचं कधी घ्यायचं नसते." आणि त्यांनी लगेच कुंदाला लोंब दिली. कुंदा माझ्याकडे बघत पलीकडे गेली.

मग मैदान. चौथ्या वर्षी तेच मैदान, तीच बांधी. सरिता आमची झाली होती, म्हणून तीही पहाटे कालवा ओलांडून धुम्मस ठोकायला यायची. काम झालं की भाऊजी तिला चढाई शिकवायचे. "हात लाव, वळ, पळ!" ते ओरडायचे. ती हात लावायची आणि उलट्या पावलांनी परत यायची. "वळ ना वो!" ती वळायचीच नाही. चार दिवस भाऊजी चिडले. पाचव्या दिवशी ते बांधीच्या धुऱ्यावर गुडघा चोळत बसले आणि तिची पावलं बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "वहिनी, गुडघा पळताना नाही जात. वळताना जाते." आणि सरिताकडे बोट करून, "हे वळतच नाही." त्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायचं सोडलं आणि बाकीच्या सहा जणींना उलटं चालायला लावलं. सगळ्यात आधी मला. त्या आठवड्यात मी किती वेळा आपटले ते विचारू नका.

मंडईची दुपार अजून कानात आहे. गोंदियाहून आणलेला माईकवाला अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत होता. जिलेबीचा वास, पोंग्यांचा आवाज, कापलेल्या धानाच्या ढिगांवर चढून बसलेली पोरं आणि त्यांना हाकलणारे धानाचे मालक. आमच्या टोल्याचे ठराव करणारे पुरुषही आले होते. मागे उभे होते, म्हणजे हरलो की लवकर निघता यावं.

कुंदाने आम्हाला फाडून खाल्लं. खरंच. माझा घोटा तिने असा धरला की तिची बोटं मला तीन दिवस दिसत होती. पण आमच्याकडून सरिता जायची आणि यायची. जायची आणि यायची. कधी एकीला हात लावून, कधी रिकामीच, पण यायची. मोठ्या टोल्याच्या बाया तिने पाठ करायची वाट बघत राहायच्या. कबड्डीत पकड पाठीवर होते, कमरेला मिठी मागूनच पडते. हिची पाठ दिसायलाच तयार नव्हती. लोक आधी हसले, मग ओरडू लागले.

शेवटची चढाई आली तेव्हा गुण सारखे होते. चढाई आमची. सरिता दमली होती, तोंड लाल झालं होतं. मी विचारलं, "दुसरीले पाठवू का?"

"मी जाऊन राहिली," ती म्हणाली, आणि गेली.

"और ये चली सरिता बाई!" माईकवाला किंचाळला. तिने उजव्या कोपऱ्यातल्या बाईच्या दंडाला बोट लावलं. तेवढंच हवं होतं, आता फक्त परत यायचं होतं. पण कुंदा हुशार. तिने या वेळी वाट बघितली नाही. ती कडेकडेने धावली आणि मध्यरेषेला लागून, त्यांच्याच बाजूला, सरिताच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. पुढून पाच जणी साखळी करून येत होत्या. मागे कुंदा, हात पसरून. मी ओरडणार होते की मागे बघ, पण भाऊजींनी बाहेरून मला हाताने गप्प केलं. सरिता आली. एक पाऊल, दोन पावलं, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू. कुंदा झेपावली आणि त्याच क्षणी सरिताने डावं पाऊल एक हात बाजूला टाकलं. तेच पाऊल. वासरू गेलं तशीच कुंदा तिच्या कमरेला घासून गेली आणि समोरून येणाऱ्या पाचही जणींवर जाऊन आदळली. सरिताने टाच उचलली आणि रेषेच्या अलीकडे ठेवली.

नंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने आठवतं. मी रडत होते. ठराव करणारे पुरुष मैदानात नाचत होते, आणि त्यातल्या एकाने शील्ड डोक्यावर घेतली होती, बेशरमपणे, जसा काही तोच खेळला. दिनेश भाऊजी लंगडत आले आणि सरितासमोर उभे राहिले. हात जोडले. कुंदा धुळीतून उठली, तिने सरिताचा हात धरून उलटा पालटा करून पाहिला आणि म्हणाली, "तू मासोळी आहे वो." आणि सरिता, जिला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, कंबरेवर हात ठेवून गडगडाट करून हसली. आम्ही जिंकलो होतो! आजही लिहिताना अंगावर काटा येतो.

त्याला सात वर्षं झाली. नाव न देण्याचा ठराव कुणी रद्द केला नाही, तो आपोआप विसरला गेला. मधल्या काळात कधी आम्ही जिंकलो, कधी ते. ज्या वर्षी आम्ही हरलो त्या वर्षी पहिली लोंब मी सरितालाच दिली. ज्या वर्षी ते हरले त्या वर्षी लताकाकूंनी कुंदाचं नाव घेतलं, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यांचं तत्त्व म्हणजे तत्त्व. दुसरं नाव मग माझं, आणि ते काय असणार हे ठरलेलं. त्यामुळे सात वर्षं मोठ्या टोल्याची सून कालवा ओलांडून आमच्यातच बसत आली. एकदा मी तिला विचारलं होतं, स्वतःच्या टोल्याविरुद्ध खेळताना कसं वाटतं. ती कालव्यापलीकडे, आपल्या टोल्याकडे बघू लागली. तेव्हा मला समजलं की शील्ड घरी आली तरी तिचं काहीतरी अजून पलीकडेच राहिलं आहे.

गेल्या मंडईत मोठा टोला हरला. म्हणून यंदा पहिलं नाव त्यांचं. काल दुपारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जमलो. सरिता आता अडतीस वर्षांची आहे, मोठी पोरगी बारावीला. ती सवयीने माझ्या शेजारी येऊन बसली. बाहेर कुणाच्या तरी बांधीत कापणी सुरू होती आणि विळ्यांचा सरसर आवाज येत होता. लताकाकू उठल्या. आता त्यांना उठायला भिंतीचा आधार लागतो. हातात लोंब. कुंदाने पदर सावरला.

"सरिता," लताकाकू म्हणाल्या.

सगळ्या काकूंकडे बघू लागल्या. दिनेश भाऊजींनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"काऊन अशा पाहून राहिल्या?" काकू डाफरल्या. "सात साल तिले धरणारी शोधली. भेटत नाही. तं तिलेच घेऊन टाकतो." मग आवाज खाली आणून, सरिताकडे बघून म्हणाल्या, "आपल्या घरची आहेस ना वो. ये."

एक क्षण मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, लोंब हिसकावून घ्यावीशी वाटली. आणि मग इतका आनंद झाला की मी बसल्या जागी टाळ्या वाजवायला लागले, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. भाऊजींचा गुडघा चोविसाव्या वर्षी गेला; त्या हिशेबाने जिने चौदा वर्षांपूर्वीच संपायला हवं होतं, तिचं नाव तिच्याच टोल्याने पहिलं घेतलं होतं.

सरिता उठली. डोळे भरले होते. तिने माझा हात दाबला आणि व्हरांड्याच्या त्या बाजूला निघाली. पण आमच्याकडे पाठ करून नाही. तोंड आमच्याकडे ठेवून, हसत, एकेक पाऊल मागे टाकत. व्हरांड्याची ती बाजू एक पायरी उंच आहे.

"पाहून चाल वो!" लताकाकू मागून ओरडल्या. "पायरी आहे!"

सरिताने मागे बघितलं नाही. टाच उचलली, पायरीवर ठेवली, आणि आपल्या माणसांत जाऊन उभी राहिली.